न वाचलेल्या कागदावर सही नाही : वाचनालय प्रकल्पाच्या नोंदी

३ जून २०२५

पॅकेज परत आलं. ज्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या वितरणाच्या) भांडारात आपला प्रोग्राम जावा म्हणून फेब्रुवारीपासून खटपट चालली होती, तिथल्या तपासनिसांनी मोजकंच लिहिलंय. रूपांतरकाच्या फाइलींवर जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर लायसन्सची आवृत्ती २ आहे, ‘किंवा पुढची कोणतीही’ हे शब्द कुठेच नाहीत. तोच प्रोग्राम टेसरॅक्टला, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या कोडला, लिंक होतो (जोडला जातो) आणि टेसरॅक्ट अपाची २.० या दुसऱ्या मुक्त लायसन्सखाली आहे. ही बायनरी (चालवायला तयार फाइल) आम्हाला वाटता येणार नाही.

संध्याकाळपर्यंत एकेक फाइल उघडून पाहिली. त्यांचं बरोबर आहे.

या नोंदी पुढे कुणी नवा माणूस वाचेल, म्हणून थोडक्यात. आपला प्रोग्राम दोन कामं करतो. वाचनालयांकडे पडून असलेल्या जुन्या स्मरणिका, अहवाल, ग्रंथयाद्या ‘सुरेख’, ‘शिवाजी’ अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेल्या आहेत. त्या तो युनिकोडमध्ये आणतो. आणि ज्यांची फाइल उरलेली नाही, फक्त छापील पान आहे, ती स्कॅनवरून वाचतो. पहिलं काम मिरजेच्या काकांनी लिहिलेल्या कोडवर चालतं, दुसरं टेसरॅक्टवर. गेल्या वर्षी आम्ही दोन्ही एकाच बायनरीत आणली.

४ जून

दोन्ही लायसन्स आज शब्दन् शब्द वाचली. दोन्ही मुक्त, दोन्ही चांगल्या हेतूने लिहिलेली, तरी एका घरात नांदत नाहीत. का, ते सहकाऱ्याला समजावून सांगताना मलाही नीट उमगलं.

अपाची २.० जानेवारी २००४ चं आहे. त्यात पेटंटचं एक कलम आहे: या सॉफ्टवेअरने माझ्या पेटंटचा भंग केला असा दावा घेऊन कोर्टात गेलात, तर या लायसन्सने तुम्हाला दिलेला पेटंटचा हक्क त्याच दिवशी संपतो. अट रास्त आहे. पण जून १९९१ च्या जीपीएल २ चं सहावं कलम सांगतं की पुढे प्रत देताना घेणाऱ्यावर या कागदाबाहेरचं एकही बंधन घालायचं नाही. अपाचीची अट चांगली की वाईट हा प्रश्नच उद्भवत नाही. ती जादा आहे, तेवढ्यावर विषय संपतो. आणि सातवं कलम: दोन्हीकडच्या अटी एकाच वेळी पाळता येत नसतील, तर वाटूच नका.

२९ जून २००७ ला आलेल्या जीपीएल ३ मध्ये अशा काही जादा अटींना मुद्दाम जागा करून दिली आहे. म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाचीचा कोड आवृत्ती ३ च्या प्रकल्पात येऊ शकतो, आवृत्ती २ च्या नाही. तेही एकाच दिशेने. जीपीएलचा कोड उचलून अपाचीच्या प्रकल्पात नेता येत नाही. काकांच्या फाइलींवर ‘किंवा पुढची’ असतं, तर एकत्र बायनरी आपण आवृत्ती ३ खाली दिली असती आणि कालचं पत्र आलंच नसतं.

५ जून

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात होती. पेनड्राइव्ह.

आम्ही दोघं आमच्याच खोलीत ही दोन्ही लिंक करून वर्षभर वापरत होतो, त्यात काहीच गैर नव्हतं. जीपीएल चालवण्यावर कसलीही अट घालत नाही. भांडण आधीपासून असतं, पण प्रत दुसऱ्याच्या हातात पडेपर्यंत ते झोपलेलं असतं. मार्चमध्ये आपण ११ वाचनालयांना ती बायनरी पेनड्राइव्हवर घालून दिली. जीपीएल २ चं चौथं कलम म्हणतं की अटी मोडून वाटप केलंत, तर तुमचा हक्क आपोआप संपतो. आवृत्ती ३ मध्ये चूक सुधारायला मुदत आहे, २ मध्ये नाही. ज्यांना आमची प्रत मिळाली त्यांचे हक्क मात्र शाबूत राहतात, हेही त्याच कलमात आहे. वाचनालयांनी काही चूक केलेली नाही, आम्ही केली.

अकराही ठिकाणी फोन केले. “वापर चालू ठेवा, पण ही प्रत पुढे कुणाला देऊ नका, बदली पेनड्राइव्ह पाठवतो,” एवढंच सांगितलं. एका ग्रंथपाल बाईंनी शेजारच्या गावच्या वाचनालयाला आधीच कॉपी करून दिली होती. तिथेही फोन केला.

९ जून

कोड कुणाकुणाचा आहे याची मोजदाद. काकांचा मूळ कोड झिप फायलींत होता. रिपॉझिटरीत तो आम्ही नंतर घातला. सी भाषेतल्या नऊ फाइली. सहांवर आवृत्ती २ चं हेडर (फाइलीच्या माथ्यावरची लायसन्सची टीप), तीन फाइली कोऱ्या.

सहकारी म्हणाला, कोऱ्या फाइलींवर आवृत्ती लिहिलेलीच नाही, आणि जीपीएल २ चं नववं कलम तर म्हणतं की प्रोग्रामने आवृत्तीचा आकडा दिला नसेल, तर आजवर निघालेली कुठलीही आवृत्ती निवडा. कलम खरं आहे. पण ते अख्ख्या प्रोग्रामला लागतं, आणि बाकी सहा फाइलींवर आकडा ठळक आहे. माणूस काय म्हणतोय ते स्पष्ट दिसत असताना त्याच्या कोऱ्या जागेचा फायदा घ्यायचा नाही. यावर आमचं एकमत झालं.

काकांशिवाय सहा जणांचे पॅच (कोडमधले छोटे बदल) आहेत. चौघांचा फोन लागतो.

१२ जून

असं यापूर्वी कुणाचं झालं आणि त्यांनी काय केलं, यावर दोन दिवस वाचन केलं.

सगळ्यात जवळचं उदाहरण लिबरकॅड या आराखडे काढायच्या प्रोग्रामचं. तेही ‘फक्त आवृत्ती २’. डीडब्ल्यूजी नकाशे वाचायला लिबरडीडब्ल्यूजी नावाची लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रामला जोडता येणारा कोड) तयार होती, पण ती ‘आवृत्ती ३ किंवा पुढची’. दोन्ही जीपीएलच, तरी एकमेकांना लागू पडत नाहीत. शेवटी लिबरकॅडच्या लोकांना डीएक्सएफ-डीडब्ल्यूजीसाठी स्वतःची वेगळी लायब्ररी लिहावी लागली. तेच काम दोनदा झालं.

झेडएफएस या फाइलप्रणालीची कथा वेगळी, पण शिकण्यासारखी. सन कंपनीने ते सीडीडीएल या वेगळ्या मुक्त लायसन्सखाली खुलं केलं, लिनक्सचा गाभा (कर्नल) जीपीएल २. उबंटू या डिस्ट्रोने एप्रिल २०१६ च्या १६.०४ मध्ये झेडएफएसचं मॉड्यूल बांधूनच दिलं. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने त्याला लायसन्सभंग म्हटलं. डेबियन ही दुसरी डिस्ट्रो नुसता सोर्स (मूळ कोड) देते आणि मॉड्यूल वापरणाऱ्याच्या यंत्रावर बांधलं जातं. कोड तोच, वाद तोच. कुणाच्या यंत्रावर काय जुळवलं जातं आणि कोण कुणाला काय देतं, एवढ्यावर दोघांचे रस्ते वेगळे.

व्हिडिओ चालवणाऱ्या व्हीएलसीचं वाचून मात्र हुरूप आला. जानेवारी २०११ मध्ये ते ॲपलच्या ॲप स्टोअरमधून निघालं, कारण त्यांच्याच एका विकासकाने दाखवून दिलं होतं की स्टोअरच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत. मग त्यांनी आतलं इंजिन एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य भावंडावर आणायचं ठरवलं, आणि त्यासाठी २३० हून अधिक लोकांना एकेक करून गाठलं. जुलै २०१३ मध्ये ते आयफोनवर परतलं. आपल्याकडे सात माणसं आहेत. त्यातला एक या जगात नाही.

१६ जून

तात्पुरता तोडगा आज पूर्ण झाला. टेसरॅक्टला लिंक करणं काढलं. आता आपला प्रोग्राम टेसरॅक्टची कमांड वेगळी चालवतो, पानांची यादी फाइलमधून देतो, टीएसव्ही (टॅबने तोडलेल्या रकान्यांची फाइल) परत घेतो. पाइप आणि कमांडलाइनवरून बोलणारे दोन प्रोग्राम साधारणपणे वेगळे धरले जातात. शेजारी शेजारी राहतात, चूल वेगळी.

ही पळवाट नाही, प्रामाणिक रचना आहे. पण आपल्या कामाला ती पुरत नाही. टीएसव्हीत शब्द येतो आणि त्याची खात्री किती तो आकडा येतो. लिंक असताना अक्षरागणिक दुसरा-तिसरा पर्याय हाती लागायचा, आणि जुन्या छपाईत रफाराचा ठिपका होतो तिथे तोच उपयोगी पडायचा. ‘वर्ग’चा ‘वग’ झाला की पर्यायांत रफार सापडे. आज नमुन्याची २१२ पानांची स्मरणिका चालवली. रफाराच्या चुका डोळ्यांत भरण्याइतक्या वाढल्या.

वाचनालयांना तूर्त हीच आवृत्ती जाईल.

१८ जून

याच निमित्ताने बाकीच्या लायब्ररी तपासल्या. पीडीएफ वाचणारी पॉप्लर ठीक. नेटवरून शब्दसूची आणायला लिबकर्ल वापरतो, आणि त्यामागे सुरक्षित जोडणीसाठी ओपनएसएसएल येतं.

ओपनएसएसएलचं जुनं लायसन्स जाहिरातीच्या अटीमुळे जीपीएलच्या कुठल्याच आवृत्तीशी जमत नसे. जाहिरातीत या सॉफ्टवेअरचा उल्लेख केलात तर आमचं नाव छापा, अशी ती अट. त्या एका वाक्यापायी कितीतरी जीपीएल प्रकल्पांनी आपल्या लायसन्सला वेगळी सवलत जोडली, आणि ग्नूटीएलएससारख्या पर्यायाची गरज पडली. सप्टेंबर २०२१ मध्ये ओपनएसएसएल ३.० अपाची २.० खाली आलं, तेव्हा पुष्कळांचा प्रश्न सुटला. ‘फक्त २’वाल्यांचा नाही. आमच्यासारखे तिथेच राहिले.

लिबकर्लची ग्नूटीएलएसवाली बांधणी घेतली. तिच्याखाली जीएमपी ही गणिताची लायब्ररी आहे, आणि ते काही वर्षं फक्त एलजीपीएल ३ होतं, म्हणजे तेही आपल्याला चाललं नसतं; २०१४ च्या ६.० पासून जीपीएल २ चाही पर्याय ठेवला आहे. तीन मजले खाली उतरून पाहावं लागतं. आज पूर्ण दिवस यात गेला आणि वाचनालयाच्या एकाही वाचकाला त्यातून नवीन काही मिळालं नाही.

आवृत्ती ३ ची परवानगी मिळाल्याशिवाय हे दर वर्षी होत राहणार.

२२ जून, रविवार

मिरजेला जाऊन आले. पाऊस होता. काकूंनी दार उघडलं तेच “अगं, भिजलीस की पार,” म्हणत टॉवेल पुढे केला.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. वडिलांचा छापखाना होता, तिथे लहानपणी खिळे जुळवलेले. २०२१ मध्ये ते गेले. त्यांची खोली काकूंनी तशीच ठेवली आहे. कोडचे प्रिंटआउट दोऱ्याने शिवलेले, समासात मुद्रितशोधनाच्या खुणा. ते कोड कागदावर तपासायचे, जसं गॅलीप्रूफ तपासतात. ‘आर्थिक’ या शब्दावर त्यांनी अख्खं पान घालवलंय. जुन्या फॉन्टांत तो आ, मग ऱ्हस्व वेलांटी, मग थ, मग रफार, मग क, असा डोळ्याला दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो. युनिकोडला उच्चाराचा क्रम हवा: वेलांटी थच्या नंतर न्यायची आणि रफार थच्या आधी आणायचा, तेही वेलांटी हलवायच्या आधी की नंतर, यावर उत्तर बदलतं. समासात लाल पेनने लिहिलंय, ‘आधी रफार. नेहमी आधी रफार.’ आपल्या कोडमध्ये आजही तोच क्रम आहे.

मग लायसन्सचं पान सापडलं. २००६ चा प्रिंटआउट. त्यावर हेडरचा मसुदा पूर्ण छापलेला होता, ‘किंवा तुमच्या मर्जीनुसार पुढची कोणतीही आवृत्ती’ या शब्दांसकट. त्या शब्दांवर पेन्सिलची सरळ रेघ, समासात वगळा ही खूण, आणि खाली: ‘जो कागद अजून लिहिलाच गेला नाही, त्यावर सही करणार नाही.’

मी इतके दिवस धरून चालले होते की ते शब्द नजरचुकीने राहिले असतील. नजरचूक नव्हती. २००६ मध्ये आवृत्ती ३ चे मसुदे फिरत होते, अंतिम मजकूर ठरलेला नव्हता.

मुलगी पुण्याहून आलेली होती. तिने सरळ विचारलं, “बाबांनी मुद्दाम काढलेले शब्द आपण परत घालायचे का?” मी नाही म्हणाले. गाडीत बसेपर्यंत मलाही दुसरं उत्तर सुचलं नव्हतं.

२४ जून

उत्तर पॉप्लरच्या घरात होतं. पॉप्लर ज्या एक्सपीडीएफमधून निघालं, तेही आधी फक्त आवृत्ती २ होतं. २०११ च्या ३.०३ मध्ये त्यांनी ‘२ किंवा ३’ असं केलं. ‘पुढची कोणतीही’ नाही. ज्या दोन कागदांचा मजकूर समोर आहे, ते दोनच.

काकांचा आक्षेप न लिहिलेल्या कागदाला होता. आवृत्ती ३ आता अठरा वर्षं छापील आहे. ती वाचता येते. काकूंच्या मुलीला फोन करून एवढंच सांगितलं आणि पूर्ण मजकूर छापून कुरिअरने पाठवला. वाचून नको वाटलं तर आम्ही रूपांतरक वेगळा ठेवू, हेही सांगितलं. मनापासून सांगितलं.

२७ जून

परवानगीपत्राचा मसुदा. प्रताधिकार कायदा १९५७ काढून बसले, ओळखीच्या वकील ताईंकडून तपासून घेतला.

संगणक प्रोग्राम आपल्या कायद्यात साहित्यकृतीतच मोडतो. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे काकांच्या कोडवर २०८१ अखेरपर्यंत. मृत्युपत्र नव्हतं, त्यामुळे काकू, मुलगी आणि परदेशातला मुलगा असे तिघंही वारस. एकीची सही पुरणार नाही. लायसन्स लेखी हवं. आणि जी गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती: कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतात, आणि वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो परत जातो. कलम ३० अ मुळे हे लायसन्सलाही लागू. म्हणजे सद्भावनेने ‘आमची हरकत नाही’ एवढंच लिहून दिलेलं पत्र २०३० मध्ये विरून गेलं असतं.

म्हणून मसुद्यात स्पष्ट घातलं: ‘सर्व जगासाठी, प्रताधिकाराच्या पूर्ण मुदतीसाठी; वापर न झाल्यास हक्क परत जाण्याची तरतूद लागू नाही.’ हक्क कुटुंबाकडेच राहतो, आम्ही मालकी मागत नाही. हे पहिल्याच ओळीत.

४ जुलै

सहापैकी पाच जणांनी ‘२ किंवा ३’ ला लेखी होकार दिला. एकाचा अडला. त्याने साठेक ओळींचा पॅच पाठवला तेव्हा तो एका कंपनीत नोकरीला होता, आणि नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक कायद्याने कंपनी. कामाच्या वेळात केलं की घरी, त्याला आठवत नाही. कंपनीला दोन पत्रं गेली, उत्तर नाही. तो बिचारा सारखी माफी मागतोय. त्याची काहीच चूक नाही.

त्या ओळी काढून टाकल्या. सहकाऱ्याने तो पॅच कधी पाहिलेला नव्हता, म्हणून त्याला फक्त चाचण्या दिल्या: आत हा मजकूर, बाहेर तो हवा. तीन संध्याकाळींत त्याने लिहून काढलं.

१३ जुलै

काकूंच्या मुलीचा फोन, पाऊण तास. तिने आवृत्ती ३ पूर्ण वाचली आहे, पेन्सिलने खुणा करून. तिचे प्रश्न नेमके होते. घरगुती वापरासाठी विकलेल्या उपकरणावर बदललेलं सॉफ्टवेअर चालवता आलं पाहिजे, ही अट बाबांच्या कोडला जाचक ठरेल का? नाही, उलट कुणी हा कोड अशा बंद डब्यात घालून विकला, तरी घेणाऱ्याच्या हातात किल्ली राहील, मात्र तो आवृत्ती ३ खाली घेतलेला हवा. आवृत्ती २ चा पर्याय जाईल का? नाही, घेणारा दोन्हींतून निवडेल. चौथी आवृत्ती आली तर? तर पुन्हा विचारावं लागेल, आणि कुणीतरी पुन्हा वाचावं लागेल.

“मग चालेल. आई सही करायला तयारच होती, मीच थांबवलं होतं,” ती म्हणाली.

२१ जुलै

तिन्ही सह्या आल्या. काकूंनी मराठीत, पूर्ण नावानिशी. मुलाचं पत्र स्कॅन करून, मूळ प्रत टपालाने येतेय.

नऊही फाइलींची हेडर बदलली, कोऱ्या तिन्हींना नवीन घातली. एसपीडीएक्सची (लायसन्स ठरावीक शब्दांत सांगणारी) ओळ प्रत्येकीवर: ‘फक्त २ किंवा फक्त ३’. कमिटच्या संदेशात काकांची २००६ ची ओळ आणि कुटुंबाच्या परवानगीचा तपशील. टेसरॅक्टची लिंक परत आणली; एकत्र बायनरी आवृत्ती ३ खाली जाईल. २१२ पानांची तीच स्मरणिका पुन्हा चालवली. रफार परत आले.

१ ऑगस्ट

पॅकेज पुन्हा पाठवलं. पाठवण्याआधी फॉन्टही पाहून घेतले, कारण पीडीएफ काढताना फॉन्ट आत जडतो. लोहित देवनागरी वापरतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेली ही लोहित कुळी आधी जीपीएल खाली होती, आणि फॉन्ट जडवलेल्या कागदपत्रालाही जीपीएल लागतं का, अशी शंका तेव्हा लोक घ्यायचे. २०११ मध्ये तिला एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स मिळालं, त्यात जडवण्याची मोकळीक स्पष्ट आहे. काही करायचं नाही.

१९ ऑगस्ट

पॅकेज घेतलं गेलं. त्याच तपासनिसांनी परवानगीची फाइल वाचून एका ओळीत आभार मानलेत.

२५ ऑगस्ट

गणपतीच्या आधी बाराही वाचनालयांत नवे पेनड्राइव्ह पोचले. बारावं ते शेजारच्या गावचं. प्रत्येकावर बायनरीसोबत पूर्ण सोर्स आणि दोन्ही लायसन्सचा मजकूर घातलाय. जुने दहा परत आले. उरलेल्यांपैकी एक पुरात भिजून गेला, तर एक त्या ग्रंथपाल बाईंनी स्वतःहून पुसून टाकला.

त्यांचाच दुपारी फोन आला. त्यांच्याकडे दोन जुने अंक ‘आकृती’ फॉन्टात आहेत, ते आपल्याला येत नाहीत. त्यांच्या पुतण्याला सी येतं. तो सोर्समध्ये बघू शकतो का, असं विचारत होत्या. त्याला कुठल्या फाइलपासून सुरुवात करायची ते सांगितलं, आणि ‘आर्थिक’वालं ते पान स्कॅन करून पाठवलं.